उच्चीचा मंगळ, एकनाड आणि षडाष्टक: एवढ्यावर स्थळ थांबवावे काय?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या मुलीसाठी आम्ही गेले दीड वर्ष स्थळे पाहत आहोत. मागील महिन्यात पुण्याचे एक स्थळ आले. मुलगा आणि मुलगी दोनदा भेटली, नोकरीचे गाव, आईवडिलांची जबाबदारी, पैशांचे व्यवहार या सर्वांविषयी मोकळेपणाने बोलली आणि दोघांनीही आपापल्या घरी होकार कळवला. त्यानंतर मुलाकडच्यांनी पत्रिका त्यांच्या नेहमीच्या ज्योतिषांना दाखवली आणि तीन आक्षेप सांगून बोलणी थांबवली. स्पष्ट नकार अद्याप आलेला नाही. "थोडे थांबून पाहू" असा निरोप आहे, आणि मुलींच्या बापांना या निरोपाचा अर्थ ठाऊक असतो.

पहिला आक्षेप असा, की मुलीला सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या सातव्या स्थानी, मंगळ आहे, आणि तो लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी, म्हणजे पत्रिकेतील पहिले स्थान), चंद्र व शुक्र अशा तिन्ही ठिकाणांहून मोजला तरी दोषाच्याच स्थानी येतो, म्हणून तो 'कडक मंगळ' होय. मुलाला मंगळ नाही. दुसरा असा, की दोघांचीही नाडी (जन्मनक्षत्रावरून ठरणारा तीनपैकी एक गट) एकच, अंत्य आहे, म्हणजे एकनाड. तिसरा आक्षेप तूळ आणि वृषभ या राशींतील षडाष्टकाचा, म्हणजे दोन राशी परस्परांपासून सहाव्या-आठव्या असण्याचा. यामुळे गुणमेलनाच्या छत्तीसपैकी एकूण गुण अठराच्या आत राहतात.

मुलीचा जन्म डिसेंबर १९९७ च्या अखेरच्या आठवड्यात सांगली येथे रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी झाला. तारीख मुद्दाम देत नाही, परंतु ग्रहस्थिती देतो. कर्क लग्न, सप्तमात मकरेचे मंगळ, शुक्र आणि गुरू, नवमात मीनेचा शनी, धनस्थानी सिंहेचा राहू आणि अष्टमात कुंभेचा केतू, पंचमात बुध, षष्ठात रवी, चतुर्थात तुळेचा चंद्र, स्वाती नक्षत्र. मंगळ मकरेच्या बाराव्या अंशात असून शुक्र त्याच्यापासून दोन अंशांच्या आत आहे. गुरू २७ अंशांवर आहे. सध्या गुरूची महादशा (त्या ग्रहाच्या प्रभावाचा दीर्घ कालखंड) चालू आहे आणि ती शेवटच्या टप्प्यात आहे. मुलाची रास वृषभ, नक्षत्र रोहिणी, चौथा चरण. त्याच्या पत्रिकेचा यापेक्षा अधिक तपशील माझ्याकडे नाही.

मी पंचांगातील तिथी-नक्षत्र पाहण्यापुरता जाणकार आहे. माझा प्रश्न असा, की शास्त्राच्याच दृष्टीने हे तीन आक्षेप खरोखर एवढे वजनदार आहेत काय? पत्रिका पाहूच नये असे सांगणाऱ्यांचेही मी ऐकेन, परंतु समोरची मंडळी पत्रिका मानतात, त्यामुळे मला त्यांच्याच भाषेत उत्तर द्यावे लागेल.

पंचांगवाचक

कृष्णाकाठ यांस नमस्कार. मी सत्तावीस वर्षे पत्रिका पाहतो आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विवाहासाठीच येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मंगळाविषयी. आपल्याकडे १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानांतील मंगळ विवाहाला बाधक मानतात. दक्षिणेत लग्नाऐवजी दुसरे स्थान धरणारी परंपरा आहे. ही स्थाने कोठून आली हे समजले की भीती बरीच उतरते. मंगळाला सातव्या दृष्टीखेरीज चौथी आणि आठवी अशा आणखी दोन दृष्टी असतात. लग्नातला मंगळ सातव्या दृष्टीने, चतुर्थातला चौथ्या दृष्टीने आणि व्ययातला आठव्या दृष्टीने सप्तमस्थानाकडे पाहतो; सप्तमातला तर तेथेच बसलेला असतो. अष्टमातील मंगळाची दृष्टी सप्तमावर पडत नाही, परंतु अष्टम हे स्त्रीच्या पत्रिकेत मांगल्याचे स्थान मानले आहे आणि तेथून तो कुटुंबस्थानाकडे पूर्ण दृष्टीने पाहतो, म्हणून तेही यादीत आले. मुळात प्रश्न एवढाच आहे की तापट, उतावळा आणि तोडून बोलणारा हा ग्रह जोडीदाराच्या घराशी संबंध ठेवून आहे काय. संबंध आहे असे आढळल्यावर तो कोणत्या राशीत आहे, कोणत्या स्थानांचा स्वामी आहे आणि कोणाच्या सोबत आहे हे पाहणे क्रमप्राप्त असते, आणि पुष्कळदा नेमके तेवढेच पाहिले जात नाही.

मेषेचा लग्नात, धनूचा व्ययात, वृश्चिकेचा चतुर्थात, मकरेचा सप्तमात आणि कर्केचा अष्टमात असलेला मंगळ दोष देत नाही, असा अपवादाचा श्लोक आहे आणि तो आपल्याकडील बहुतेक ज्योतिषांना पाठ असतो. आपल्या कन्येचा मंगळ मकरेचा असून सप्तमातच आहे, म्हणजे तो या अपवादात शब्दशः बसतो. शिवाय मकर ही मंगळाची उच्च राशी आहे, आणि कर्क लग्नाला मंगळ पंचम व दशम या स्थानांचा स्वामी होऊन राजयोगकारक ठरतो. नवमांशात (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या कुंडलीत) तो मेषेत, म्हणजे स्वराशीत जातो. चंद्राकडून तो चौथा आणि शुक्राकडून पहिला येतो हे खरे आहे, परंतु उच्चीचा ग्रह चंद्राकडून मोजला म्हणून उच्चीचा राहत नाही असे नाही. 'तिन्हीकडून मंगळ' हे शब्द ऐकायला भारी वाटतात. येथे ते एकाच निर्दोष मंगळाला तीनदा मोजण्याचे नाव आहे.

तथापि आपल्याला केवळ बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. हा मंगळ सप्तमातून लग्नाकडे, म्हणजे स्वतःच्या नीच राशीकडे पाहतो, आणि आठव्या दृष्टीने धनस्थानातील राहूकडे पाहतो. धनस्थान हे वाणीचे आणि कुटुंबाचे स्थान आहे. मुलगी मनात ठेवणारी नसेल, जे वाटेल ते तोंडावर बोलत असेल आणि सासरच्या घरात पहिल्या वर्षी शब्दाला शब्द लागण्याचा संभव असेल, तर तो येथून दिसतो. मंगळ आणि शुक्र एवढ्या जवळून एकत्र आहेत, तेव्हा ओढही तीव्र आणि रुसवाही तीव्र. कारक ग्रह स्वतःच्या भावात बसला तर त्या भावाची हानी करतो, असे एक सूत्र शुक्राच्या बाबतीत सांगतात. मी ते एकट्याने कधी लावत नाही, परंतु समोरच्या ज्योतिषांनी काढले तर आपल्याला माहीत असावे.

आता ज्या गोष्टीकडे त्यांनी पाहिलेले दिसत नाही ती सांगतो. सप्तमेश (सप्तमाचा स्वामी) शनी भाग्यस्थानी, म्हणजे नवमात, मीनेत, आणि भाग्येश गुरू सप्तमात मकरेत. दोघांनी परस्परांच्या राशी घेतल्या आहेत. यास अन्योन्य योग किंवा परिवर्तन योग म्हणतात, आणि सप्तम-भाग्य यांच्यातला असा योग विवाहानंतरच्या उत्कर्षासाठी उत्तम मानला आहे. गुरू मकरेत नीच होतो, पण त्याच राशीत उच्च होणारा मंगळ केंद्रात त्याच्याजवळ बसल्यामुळे नीचभंग होतो, म्हणजे तो दुबळेपणा नाहीसा होतो. स्त्रीच्या पत्रिकेत गुरूला पतिकारक मानतात आणि त्याचीच महादशा चालू आहे. २०२६ च्या जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत गोचरीचा, म्हणजे त्या वेळी आकाशात असणारा, गुरू कर्केत, म्हणजे स्वतःच्या उच्च राशीत आणि हिच्या लग्नात असतो व तेथून सप्तमावर त्याची पूर्ण दृष्टी पडते. चंद्राकडून तो तेव्हा दहावा येत असल्यामुळे पंचांगातील 'गुरुबळ' मिळणार नाही असे कोणी म्हणेल. त्याआधी मिथुनेत असताना तो चंद्राकडून नववा, म्हणजे गुरुबळाचाच असतो. सप्तमेश शनी असल्यामुळे विवाह पंचविशीच्या आत न होणे हेही याच पत्रिकेत लिहिलेले आहे, तेव्हा उशिराचे खापर मंगळावर फोडू नये.

षडाष्टकाचे उत्तर सोपे आहे. तूळ आणि वृषभ या दोन्ही राशींचा स्वामी शुक्रच आहे, म्हणून हे प्रीतिषडाष्टक; मेष-वृश्चिक हे दुसरे तसेच उदाहरण. मेष-कन्या किंवा तूळ-मीन यांसारख्या मृत्युषडाष्टकाशी त्याची गणना करणे चुकीचे आहे, मग कोष्टकात दोन्हींना शून्यच गुण का दिलेले असेनात.

नाडीचे मात्र मी उद्या लिहितो, कारण तेथे माझे उत्तर आपल्याला तितकेसे आवडणार नाही.

अंशकला

पंचांगवाचकांनी फलिताचा भाग मांडला आहेच. मी गणिताच्या बाजूने काही जोडतो.

छत्तीस गुणांची पद्धत आपल्याकडे घराघरांत पोहोचली आहे, परंतु ती नेमके काय मोजते हे फार थोड्यांना ठाऊक असते. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८ अशी चढती मांडणी आहे. काशीत शके १५२२ मध्ये रचलेल्या मुहूर्तचिंतामणीच्या विवाहप्रकरणात ही आठ कूटे याच क्रमाने आली आहेत. ही आठही कूटे केवळ चंद्राच्या राशीवरून आणि नक्षत्रावरून काढली जातात. लग्न, सप्तमेश, शुक्र, गुरू, दशा, नवमांश यांपैकी एकाही गोष्टीला त्यांत स्थान नाही. म्हणजे पंचांगवाचकांनी वर जे जे सांगितले ते सर्व या छत्तीस गुणांच्या बाहेरचे आहे, आणि अठरा गुणांची रेषा ओलांडली अथवा न ओलांडली एवढ्यावरून पत्रिका जुळते की नाही हे ठरवणे म्हणजे घर न पाहता केवळ अंगण पाहून व्यवहार मोडण्यासारखे आहे.

आणखी एक हिशेब करून पाहावा. नाड्या तीन आणि प्रत्येकीत नऊ नक्षत्रे, म्हणून कोणत्याही दोन व्यक्तींची एकनाड येण्याचा संभव सुमारे एक तृतीयांश. द्विर्द्वादश (राशी परस्परांपासून दुसरी-बारावी), नवपंचम (पाचवी-नववी) आणि षडाष्टक हे तिन्ही वर्ज्य धरले तर बारांपैकी सहा राशीसंबंध बाद होतात, म्हणजे निम्मे. मंगळाची पाच स्थाने धरली तर बारांपैकी पाच, म्हणजे सुमारे ४२ टक्के लोकांना मंगळ. आणि लग्न, चंद्र, शुक्र या तिन्हींपासून मोजायचे ठरवले तर, ही तीन ठिकाणे परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास, जवळपास ८० टक्के लोक मंगळी ठरतात. पाचांपैकी चार जणांना असणाऱ्या गोष्टीला दोष म्हणावे की सर्वसाधारण अवस्था, हे त्या ज्योतिषांना विचारता येईल.

तिसरा मुद्दा जन्मवेळेचा. चंद्र एका नक्षत्रचरणात सरासरी सहा तास असतो, म्हणून गुणमेलनाला वेळेची दहा-पंधरा मिनिटांची चूक सहसा बाधत नाही. लग्न मात्र सुमारे दोन तासांनी आणि नवमांशलग्न सुमारे तेरा मिनिटांनी बदलते. मी न्यू जर्सीत राहतो. येथे जन्मलेल्या आमच्या एका नातलगाच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून दोन स्थळे परत गेली. त्याचा जन्म जुलैतला, सकाळी आठच्या सुमाराचा. पत्रिका काढताना उन्हाळ्यात एक तास पुढे केलेले घड्याळ कोणी लक्षातच घेतले नव्हते. तो तास वजा केल्यावर सिंह लग्नाऐवजी कर्क लग्न आले आणि सिंहेतला मंगळ पहिल्या स्थानातून दुसऱ्या स्थानात गेला. आपल्या परंपरेनुसार मंगळ नाहीसा झाला. दाक्षिणात्य स्थळ असते तर उलट तेव्हाच आला असता.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण महाराष्ट्रात तो टाळता येत नाही. बहुतेक पंचांगे आणि संगणकावरील बहुतेक पत्रिका चित्रापक्षाचा अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कोठून मोजायचा हे ठरवणारे अंतर, वापरतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात तोच स्वीकारला. टिळक पंचांग रैवत या दुसऱ्या पक्षाचे आहे आणि दोहोंत जवळपास चार अंशांचा फरक पडतो. मुलाचा चंद्र रोहिणीच्या चौथ्या चरणात, म्हणजे वृषभेच्या २० अंश ते २३ अंश २० कलांच्या दरम्यान आहे. त्यात चार अंश मिळवले की तो मृगात जातो, आणि मृगाची नाडी मध्य आहे. मुलीचा चंद्र मात्र चार अंश पुढे सरकूनही स्वातीतच राहील असे तुम्ही दिलेल्या स्थितीवरून वाटते. अंश तपासून घ्यावेत. तसे असेल तर टिळक पंचांगानुसार या दोघांची एकनाड होतच नाही.

शुक्राची चांदणी

मी ज्योतिष शिकलेली नाही, पण मंगळाच्या शिक्क्यासह सहा वर्षे स्थळांना सामोरी गेलेली आहे, म्हणून लिहिते.

माझा मंगळ अष्टमातला. पहिल्या तीन वर्षांत पोहे करून, साडी नेसून, प्रश्नांची उत्तरे देऊन झाल्यावर निरोप यायचा तो पत्रिकेचाच, आणि पुढे पुढे तर पत्रिका आधी जाऊ लागली व माणसे यायचीच बंद झाली. एका ज्योतिषांनी कुंभविवाह करण्यास सांगितले, म्हणजे आधी मातीच्या कुंभाशी विधिपूर्वक लग्न लावून मग तो विसर्जित करायचा. माझी आई देवधर्म करणारी, चातुर्मास पाळणारी बाई. परंतु तिने तेथेच सांगितले की माझ्या मुलीचे एकच लग्न होईल. त्यांनी मग "अठ्ठावीस पूर्ण झाली की मंगळ उतरतो" असा दुसरा तोडगा दिला. मी अठ्ठावीस वर्षांची झाले त्या दिवशी सकाळी उठून आरशात पाहिले, काही उतरलेले दिसले नाही.

माझा विवाह एकतिसाव्या वर्षी झाला. यजमानांच्या जन्माची वेळ त्यांच्या घरी कोणालाच आठवत नव्हती, त्यामुळे पत्रिका मांडताच येत नव्हती, आणि म्हणूनच त्यांनाही अनेक ठिकाणी नकार मिळाले होते. आम्हांला बारा वर्षे झाली. आमच्या घरी भांडणे होतात आणि ती बहुधा मीच सुरू करते, याचे श्रेय कोणाला मंगळाला द्यायचे असेल तर माझी हरकत नाही.

कृष्णाकाठ, आपण मुलाकडच्यांना उत्तर देण्याच्या तयारीत आहात हे समजते, पण या चर्चेत आपल्या कन्येला काय वाटते हे आपण लिहिलेले नाही. मला त्या सहा वर्षांत सर्वांत अधिक त्रास नकारांचा झाला नाही. माझ्या देखत माझ्याविषयी 'हिचा मंगळ' असे, जणू एखाद्या जुन्या आजाराविषयी बोलावे तसे बोलले जाई, त्याचा झाला. पतीच्या जिवाला धोका, हे शब्द वयाच्या चोविसाव्या वर्षी कानांवर पडले की ते कोणत्याही अपवादाच्या श्लोकाने पुसले जात नाहीत.

पडताळा

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि पत्रिका मानत नाही. तरीही प्रश्नकर्त्यांनी दोन्ही बाजू ऐकण्याची तयारी दाखवली आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

आपल्याकडे ज्योतिषाची पद्धतशीर चाचणी झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मिळून २०० मुलांच्या पत्रिका गोळा करून ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकाने ४० पत्रिका पाहून कोणती कोणत्या गटातील हे ओळखायचे होते. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते त्याच्या आसपासच. हा निष्कर्ष २००९ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. ही चाचणी विवाहाविषयीची नव्हती हे मान्य आहे. परंतु मंगळी आणि अमंगळी दांपत्यांची तुलना करणे त्याहून कितीतरी सोपे आहे, आणि ती करून दाखवण्याची जबाबदारी दोष आहे असे म्हणणाऱ्यावर येते.

एकनाड म्हणजे एकच रक्तगट किंवा सारखी जनुके, असे हल्ली सांगितले जाते. नाडी ही जन्मवेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून ठरते. एकाच रुग्णालयात काही तासांच्या अंतराने जन्मलेल्या बहुतेक सर्व मुलांची नाडी एकच असते आणि त्यांचे रक्तगट निरनिराळे असतात. सख्ख्या भावंडांच्या नाड्या भिन्न असू शकतात. परंपरेने जे म्हटलेले नाही ते विज्ञानाच्या नावावर खपवणे हे परंपरेलाही शोभत नाही. रक्ताच्या तपासण्या करायच्याच असतील तर थॅलेसेमियाची करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो आजार गंभीर स्वरूपात होण्याचा संभव एक चतुर्थांश असतो, आणि तो कोणत्याही पंचांगात दिसत नाही.

मंगळाचे लोण कोठवर जाते याचे उदाहरण २०२३ चे आहे. विवाहाचे वचन देऊन संबंध ठेवल्याच्या प्रकरणात आरोपीने मुलगी मंगळी असल्याचे कारण पुढे केले, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ती मंगळी आहे की नाही हे लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागाकडून ठरवून मागितले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या आदेशास जूनच्या प्रारंभी स्थगिती दिली.

पंचांगवाचक

पडताळा यांच्याशी मूळ मुद्द्यावर माझे जुळणार नाही, परंतु रक्तगटाविषयी ते जे म्हणतात ते शंभर टक्के खरे आहे. आमच्याच व्यवसायातील काहींनी तो शोध लावला आहे आणि त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. शुक्राची चांदणी यांनी सांगितलेल्या अठ्ठावीस वर्षांविषयी एवढेच, की प्रत्येक ग्रहाचे एक परिपाकवर्ष सांगितले आहे आणि मंगळाचे ते अठ्ठावीस आहे. त्या वयानंतर मंगळाचे फल पक्व होते असा त्याचा अर्थ. दोष रातोरात गळून पडतो असा नव्हे. कुंभविवाहाविषयी त्यांच्या मातोश्रींनी जे उत्तर दिले त्यात मला बदल सुचत नाही.

आता नाडी. एकनाडीचे सर्वमान्य अपवाद दोन. दोघांची राशी एक असून नक्षत्रे भिन्न असली, किंवा नक्षत्र एक असून चरण भिन्न असले, तर दोष धरत नाहीत. स्वाती आणि रोहिणी या दोहोंपैकी कशातही बसत नाहीत. म्हणून चित्रापक्षाने पाहिले तर एकनाड आहे, आणि मुलाकडचे ज्योतिषी या एका बाबतीत चुकलेले नाहीत. मी स्वतः केवळ नाडीवरून स्थळ मोडण्यास सांगत नाही. सप्तम, पंचम आणि दोघांच्या दशा चांगल्या असतील तर पुढे जावे असे सांगतो. परंतु माझा तो निवाडा आहे, श्लोक नव्हे, आणि तो श्लोक म्हणून आपल्या हाती देणे मला योग्य वाटत नाही.

अंशकला यांनी टिळक पंचांगाची वाट दाखवली आहे, तीही जपून वापरावी. चार अंश केवळ मुलाच्या चंद्राला मिळवता येत नाहीत, सर्वांना मिळवावे लागतात. मुलीचा गुरू मकरेच्या २७ अंशांवर आहे. तो टिळक पद्धतीने कुंभेत जाईल, अष्टमात पडेल, आणि मी वर ज्या अन्योन्य योगाचे कौतुक केले तो मोडेल. एकनाड घालवण्यासाठी एक पंचांग आणि भाग्ययोग ठेवण्यासाठी दुसरे, असे करता येणार नाही. ज्या पद्धतीने आपल्या घराण्यात पत्रिका पाहिल्या जातात तिनेच आरंभापासून अखेरपर्यंत पाहावी. मुलाची जन्मवेळ आणि पूर्ण पत्रिका मिळाली तर त्याचा सप्तमेश, शुक्र आणि येत्या दहा वर्षांच्या दशा पाहता येतील. आतापर्यंत सर्वजण मुलीचीच पत्रिका तपासत आहेत, मुलाच्या सप्तमात काय आहे हे कोणी विचारलेले नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सर्वांनी लिहिलेले मी मुलीला वाचून दाखवले. पंचांगवाचकांचे 'शब्दाला शब्द लागण्याचा संभव' हे वाक्य ऐकून तिची आई काहीही न बोलता आत गेली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. शुक्राची चांदणी यांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते, म्हणून तो मी मुलीलाच विचारला. तिचे म्हणणे असे, की तिला मुलगा पसंत आहे आणि ती दोन महिने थांबेल, परंतु कोणतीही शांत किंवा विधी केवळ तिच्याच एकटीसाठी करायचा असेल तर ती करणार नाही.

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून टिळक पंचांग आहे, आणि मुलीची ही पत्रिका मी संगणकावर काढून घेतलेली, म्हणजे चित्रापक्षाची. दोहोंचे मिश्रण करायचे नाही हे पटले; मुलाकडचे चित्रापक्षाचे असल्यामुळे बोलणी त्याच आधारावर करतो आहे.

काल मुलाच्या आईंशी दूरध्वनीवर सविस्तर बोलणे झाले. मकरेच्या मंगळाचा श्लोक आणि प्रीतिषडाष्टक या दोन्ही गोष्टी त्यांनी त्यांच्या ज्योतिषांना विचारल्या आणि त्यांनी दोन्ही मान्य केल्या. घाईत केवळ कोष्टक पाहिले होते असे ते म्हणाले. मुलाची पत्रिकाही पाठवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. एकनाडीविषयी मात्र त्यांच्या सासूबाईंचे समाधान झाल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. या आजींच्या स्वतःच्या लग्नात पत्रिका पाहिल्याच नव्हत्या, असे मुलाने माझ्या मुलीला हळूच सांगितले आहे, पण ते मला ठाऊक नाही असेच मी वागायचे आहे. येत्या रविवारी आजींना भेटण्यासाठी आम्ही तिघेही पुण्याला जात आहोत. सोबत सांगलीचे बेदाणे नेतो आहे.